पावसाच्या दरीतला कंदील

चीनच्या किनाऱ्यापासून पूर्वेला, समुद्रात, तैवान नावाचं बेट आहे. जगाच्या नकाशात त्यावर बोट ठेवलंत तर अख्खं बेट झाकलं जाईल, पण त्याच बेटावर ३,९५२ मीटर उंचीचं शिखर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी ते शिखर वरच राहील! या बेटाच्या उत्तर टोकाशी पिंगशी नावाची एक चिंचोळी दरी आहे, आणि तिथे माणसं पेटता कंदील आकाशात सोडून देतात.

बाळांनो, जरा विचार करा. कागदाच्या पोटात जळता जाळ, आणि तो सोडायचा जंगलावर! आपल्या सह्याद्रीत असं कोणी केलं तर वनरक्षक धावत येतील, आणि यायलाच हवेत. तिथलं सरकार मात्र सांगतं की कंदील सोडायचा तर पिंगशीलाच जा, दुसरीकडे नको. असं का? कंदील वर कसा चढतो ते मी सांगणारच आहे, पण तो त्याच दरीतून का सोडतात हे मला त्याहून मोठं नवल वाटतं. आणि दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी हवेचा एकच गुण आहे.

आम्ही मित्र मिळून गेलो होतो. हायस्कुलात विज्ञान शिकवलेले मास्तर होते. रेल्वेत नोकरी केलेले गार्डसाहेब होते. आंबोलीचा तात्या होता, ज्याच्या अंगणात पर्जन्यमापक आहे आणि जो पावसाच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेत नाही. आणि मी. मास्तरांची लेक तिथल्या शिंचू शहरात इंजिनियर आहे, तिच्याकडे आम्ही उतरलो होतो. फेब्रुवारी महिना होता. तिनं आम्हाला रेल्वेची कार्डं दिली, छत्र्या दिल्या आणि सांगितलं, "काका, छत्री विसरू नका. तिथे पाऊस असतोच."

"फेब्रुवारीत कसला पाऊस?" तात्या म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिंचूहून ताइपेई शहरात यायचं, तिथल्या मोठ्या स्टेशनातून रुइफांगची गाडी धरायची आणि रुइफांगला उतरून पिंगशीच्या छोट्या डिझेल गाडीत बसायचं. शहर मागे पडलं की खिडकीतून कीलुंग नदी दिसायला लागते. गार्डसाहेबांनी थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नदी आपल्या उलट वाहतेय. म्हणजे आपण चढणीला लागलो." सान्द्याओलिंग नावाचं स्टेशन येतं, तिथे मोठा रेल्वेमार्ग बोगद्यात शिरून दक्षिणेला निघून जातो आणि आमची छोटी गाडी नदीच्या कडेनंच पश्चिमेकडे वळते.

या नदीची एक नवलकथा आहे. ती उगम पावते पिंगशीच्या दरीच्या वरच्या टोकाला. तिथून पूर्वेकडे निघते. पूर्वेला समुद्र फार लांब नाही, सरळ जाऊन मिळावं ना? पण सान्द्याओलिंगपाशी ती एकदम उत्तरेकडे वळते, मग पश्चिमेकडे, आणि ज्या ताइपेईहून आम्ही सकाळी निघालो तिथेच येऊन दान्श्वेई नदीला मिळते. भूगोलाचे अभ्यासक अशा तीव्र वळणाला नदीचौर्याची खूण मानतात. म्हणजे काय, तर दोन नद्यांमध्ये एक डोंगरधार असते. त्यातली एक नदी मागे मागे डोंगर कोरत जाते, धार फोडते, आणि पलीकडच्या नदीचं पाणी आपल्याकडे ओढून घेते. चोरी करायला तिला हजारो वर्षं लागतात आणि चोरीचा पुरावा म्हणून ते वळण उरतं. गाडी त्या वळणावरून गेली तेव्हा मास्तरांनी आम्हा सगळ्यांना खिडकीपाशी उभं केलं होतं.

आणि गाडी तरी या आडरानात कशी आली? कोळशासाठी. तेव्हा तैवानवर जपानचं राज्य होतं. १९२१ साली एका खाणकंपनीनं हा १२.९ किलोमीटरचा मार्ग दरीतला कोळसा बाहेर काढण्यासाठी बांधला. त्या कोळशाची गोष्ट तर रेल्वेहून कितीतरी जुनी. कोटी-दीड कोटी वर्षांपूर्वी, मायोसीन नावाच्या कालखंडात, आज जिथे हे डोंगर आहेत तिथे डोंगर नव्हतेच. समुद्राकाठची दलदल होती आणि दलदलीत झाडं होती. झाडं मेली, चिखलात गाडली गेली, वर वाळूचे थर चढले, दाबानं आणि उष्णतेनं त्यांचा कोळसा झाला. नंतर पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांवर रेटले गेले आणि समुद्राकाठची ती सपाटी वर उचलली जाऊन तिचे डोंगर झाले. कोळसाही थरांबरोबर वर आला. माणसांनी तो खणून काढला, परवडेनासा झाल्यावर खाणी एकामागून एक बंद पडल्या. गाडी मात्र राहिली. आता ती कंदील सोडायला निघालेल्या माणसांना घेऊन जाते.

पिंगशीच्या दरीतल्या शीफन स्टेशनात आम्ही उतरलो तेव्हा ढगांतून थोडं ऊन पडलं होतं. आधी धबधबा पाहायला गेलो. उंची सुमारे २० मीटर, रुंदी ४० मीटर, उंचीपेक्षा रुंदी दुप्पट. तिथल्या खडकाचे थर प्रवाहाच्या उलट बाजूला कललेले आहेत, त्यामुळे पाणी थरांवरून घसरत येत नाही, कड्यावरून थेट खाली पडतं. मला मात्र धबधब्याहून नदीचं पात्र जास्त आवडलं. पात्रातल्या खडकाला गोल गोल खड्डे पडलेले आहेत. पाहताक्षणी मी म्हणालो, "अरे, हे तर आपले रांजणखळगे!"

पारनेर तालुक्यातलं निघोज तुम्हाला दाखवायचं राहिलंय. तिथे कुकडी नदीच्या काळ्या खडकात असेच खळगे आहेत, काही इतके खोल की माणूस आत दिसेनासा होईल. पाण्याच्या भोवऱ्यात एखादा दगड सापडतो, खडकाच्या खोलगट जागेत अडकतो आणि तिथेच फिरत राहतो. फिरता फिरता खडक झिजवतो आणि स्वतःही झिजतो. तो संपला की दुसरा दगड येतो. निघोजचा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, कीलुंगचा वाळूचा दगड, म्हणजे समुद्रतळाशी साचून घट्ट झालेली वाळू. देश वेगळा, खडक वेगळा, पण भोवऱ्यानं काम तेच केलं.

तेवढ्यात वर शीळ ऐकू आली. तात्यानं मान वर न करताच सांगितलं, "सर्पगरुड." आणि खरंच तो तुरेवाला सर्पगरुडच होता! आंबोलीच्या रानातही हा पक्षी असतो आणि तैवानच्या डोंगरांतही. तो पंख पसरून गोल फिरत होता आणि प्रत्येक फेरीला थोडा वर जात होता. पंख मात्र एकदाही हलवले नाहीत.

"हा कशाच्या जोरावर चढतोय?" मास्तरांनी विचारलं. मास्तर निवृत्त झाले तरी प्रश्न विचारायचे थांबलेले नाहीत. मग त्यांनीच सांगितलं. उन्हानं डोंगराचा उतार तापतो, उताराला टेकलेली हवा तापते आणि वर निघते. गरुड त्या चढत्या हवेत शिरतो आणि तिच्यातून बाहेर पडू नये म्हणून गोल फिरत राहतो. आपल्या घराजवळच्या घारी दहा-अकराच्या सुमारास अशाच फिरताना दिसतात, पहाटे दिसत नाहीत. पहाटे जमीन तापलेली नसते.

दुपारनंतर आम्ही शीफनच्या जुन्या बाजारात आलो. बाजाराच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि रूळ आणि दुकानं यांच्यामध्ये जेमतेम चालायला जागा. लोक रुळांवरच उभे राहून कंदील सोडतात. शिट्टी झाली की सगळे बाजूला होतात, गाडी दुकानांच्या पागोळ्यांखालून हळूच निघून जाते, आणि पुन्हा सगळे रुळांवर. गार्डसाहेबांना हे पाहवेना. आयुष्यभर लोकांना रुळांवरून हाकललेला माणूस तो! त्यांनी स्वतः वेळापत्रक पाहून, गाडी निघून गेल्याची खात्री करूनच आम्हाला रुळांवर पाऊल ठेवू दिलं.

कंदील म्हणजे पातळ कागदाची मोठी पिशवी. वरून बंद, खालून उघडी. खालच्या तोंडाला बांबूच्या कामटीचं कडं, कड्याला आडवी तार, आणि तारेत तेलात भिजवलेला कागदाचा बोळा. चार बाजू असतात. दुकानदार कंदील दांडीवर लटकवतो आणि हातात शाईचा कुंचला देतो, आपापल्या बाजूवर मागणं लिहायचं. तात्यानं लिहिलं, "मिरग वेळेवर येऊ दे." गार्डसाहेबांनी सगळ्यांचं आरोग्य मागितलं. मास्तरांनी त्यांच्या जुन्या शाळेचं नाव लिहिलं. मी तुम्हा सगळ्यांची नावं लिहिली, वयाप्रमाणे, म्हणजे भांडण नको.

ही रीत कशी सुरू झाली त्याच्या दोन कथा सांगतात. एक झूगे ल्यांग नावाच्या चिनी सेनापतीची, सन १८१ ते २३४ मधला. शत्रूच्या वेढ्यात सापडल्यावर त्यानं असा कंदील उडवून निरोप पाठवला म्हणे. दुसरी कथा पिंगशीचीच, आणि मला ती जवळची वाटते. चीनच्या फूजियान प्रांतातून आलेली कुटुंबं या दरीत वसली होती. दरोडेखोर यायचे तेव्हा बायका, मुलं, म्हातारी माणसं डोंगरात लपायची. धोका टळला की गावात राहिलेली माणसं कंदील सोडायची. डोंगरातून तो दिसला की कळायचं, गाव सुखरूप आहे, परत चला. म्हणून तिथे याला सुखरूपतेचा दिवा मानतात, आणि चिनी वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला मोठा उत्सव करून शेकडो कंदील एकदम सोडतात.

आता नीट ऐका. चौघांनी चार कोपरे धरले. दुकानातल्या मुलीनं खालून बोळा पेटवला आणि हातानंच खुणावलं, थांबा. कागद आधी ढिला होता, सुरकुत्या पडलेल्या होत्या. आतली हवा तापू लागली तशा सुरकुत्या गेल्या, बाजू फुगल्या. मग बोटांना ओढ जाणवली. कंदील वर ओढत होता! तिनं मान हलवली, आम्ही हात सोडले, आणि तो गेला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, गरम हवा वर जाते. बरोबर, पण ती वर का जाते? वरून तिला कोणी ओढत नाही. तिच्यात वर जायची शक्तीही नाही. गरम हवेलाही वजन असतं आणि पृथ्वी तिला खालीच ओढते.

विहिरीवर जाऊन रिकामी घागर पालथी करून पाण्यात दाबलीत, तर काय होतं? पाणी तिला वर ढकलतं. दाबणारा हात थकतो. घागरीनं जेवढी जागा व्यापली तेवढं पाणी बाजूला झालं, ते पाणी घागरीहून जड होतं, ते खाली शिरायला पाहतं आणि घागर वर येते. कंदिलाचंही तसंच आहे, फक्त पाण्याच्या जागी हवा. आपण हवेच्या विहिरीच्या तळाशी राहतो.

हवेला वजन असतं यावर तुमचा विश्वास बसत नसेल तर हिशेब करू. साध्या हवेचा एक घनमीटर सुमारे १.२ किलो भरतो. आपली ही खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच. म्हणजे ३६ घनमीटर. तिच्यातल्या हवेचं वजन झालं ४३ किलो! तुम्ही बसलायत त्या खोलीत एका मोठ्या शाळकरी मुलाएवढ्या वजनाची हवा आहे, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

आता कंदील. अर्धा घनमीटर हवा मावेल असा धरू. बाहेरच्या थंड हवेची तेवढी जागा ६०० ग्रॅमची. आत हवा तापली की तिचे कण जोरात धावू लागतात, एकमेकांना लांब ढकलतात, जागा पुरेनाशी होते आणि काही हवा खालच्या तोंडातून बाहेर जाते. आतली हवा १०० अंशांवर पोचली तर तेवढ्याच जागेत उरते सुमारे ४७५ ग्रॅम. फरक सव्वाशे ग्रॅमचा. कागद, बांबू, तार आणि बोळा मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आत असतील तर कंदील चढला, जास्त झाले तर बसला. म्हणून कागद इतका पातळ, म्हणून कामटी इतकी बारीक. आणि म्हणूनच बाहेर थंडी असली की कंदील जास्त जोरात चढतो. थंड हवा जड, ती त्याला जास्त ढकलते.

हे समजायला माणसाला फार वेळ लागला, बरं का. फ्रान्समध्ये आनोने गावात कागद बनवणाऱ्या घराण्यातले दोन भाऊ होते, जोसेफ आणि एत्येन माँगोल्फिये. ४ जून १७८३ला त्यांनी कापड आणि कागदाचा प्रचंड फुगा लोकांसमोर उडवला. त्यांची समजूत अशी की धुरातच काहीतरी उचलणारं आहे. म्हणून ते खाली ओला पेंढा आणि लोकर जाळायचे, जेवढा दाट धूर तेवढं चांगलं! त्याच वर्षी १९ सप्टेंबरला व्हर्सायच्या राजवाड्यासमोर त्यांनी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा फुग्याखालच्या पिंजऱ्यात बसवून वर पाठवले. तिघेही जिवंत उतरले. मग २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की द आर्लांद हे दोघे पॅरिसवरून सुमारे २५ मिनिटं उडाले. जमिनीला न बांधलेल्या फुग्यातून माणसानं केलेलं ते पहिलं उड्डाण. धुराची समजूत चुकीची, तरीही फुगा बरोबर उडाला. धुरानं काहीच उचललं नव्हतं, उचललं होतं भोवतालच्या थंड हवेनं.

आमचा कंदील आधी सरळ वर गेला. दरीत वारा पडलेला होता. डोंगराच्या माथ्याच्या वर पोचल्यावर मात्र तो एकाएकी तिरका झाला आणि नैर्ऋत्येकडे निघाला. त्याच्यामागून सुटलेले दुसरे कंदीलही त्याच उंचीवर तसेच वळले. खाली आम्हाला जाणवत नसलेला वारा आम्ही डोळ्यांनी पाहत होतो.

"ईशान्येकडून वारा आहे," मास्तर म्हणाले. "ईशान्य मोसमी."

आणि पाऊस सुरू झाला.

तात्यानं छत्री उघडली, पण तो दुकानाच्या पागोळीखाली जायला तयार नव्हता. "फेब्रुवारीत पाऊस, आणि तोही ईशान्येकडून!" त्याच्या आंबोलीत जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येतो आणि वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. मग मास्तरांच्या लेकीनं फोनवर आधीच सांगितलेली गोष्ट मास्तरांनी हळूच बाहेर काढली. याच पिंगशीच्या डोंगरात ह्वोशाओल्याव नावाची जागा आहे. तिथे १९१२ साली, एका वर्षात, ८,४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला. मुंबईत वर्षभरात पडतो त्याच्या तिपटीहून जास्त. तात्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पर्जन्यमापक कसला होता त्यांचा?"

आता कंदील त्याच दरीतून का सोडतात, या प्रश्नाकडे या. हिवाळ्यात सैबेरिया आणि चीनची जमीन गोठते, तिच्यावरची हवा थंड आणि जड होते आणि दक्षिणेकडे वाहू लागते. हाच ईशान्येचा वारा. आपल्या महाराष्ट्रातला ईशान्येचा वारा जमिनीवरूनच येतो, म्हणून कोरडा असतो. दिवाळीपासून आपले डोंगर वाळायला लागतात, गवत पिवळं पडतं, आणि माघ-फाल्गुनात वणव्याची भीती सुरू होते. तैवानला पोचायला मात्र चीनकडून निघालेल्या वाऱ्याला समुद्र ओलांडावा लागतो, आणि बेटाच्या पूर्वेला कुरोशिओ नावाचा उबदार सागरी प्रवाह आहे. थंड कोरडी हवा उबदार पाण्यावरून जाते आणि वाफ भरून घेते. मग समोर डोंगर येतो. आपल्याकडेही तामिळनाडूला ईशान्येच्या वाऱ्याचाच पाऊस मिळतो, कारण तिथे पोचेपर्यंत तो बंगालच्या उपसागरावरून आलेला असतो.

डोंगर समोर आला की हवेला वर चढणं भाग पडतं. वर दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरली की थंड होते, दर किलोमीटरला सुमारे १० अंश. थंड झाली की वाफेचे थेंब होतात. इथे मोठं नवल घडतं. समुद्राचं पाणी वाफ होताना त्यानं उष्णता घेतलेली असते, आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता सुटते. एक ग्रॅम वाफेचे थेंब झाले की सुमारे ६०० कॅलरी. तेवढ्यात ६०० ग्रॅम पाणी एका अंशानं तापेल. ही उष्णता ढगातल्या हवेला मिळते, ती भोवतालच्या हवेहून हलकी राहते आणि आणखी वर चढते. त्यातून आणखी वाफेचं पाणी होतं, आणखी उष्णता सुटते. आमच्या कंदिलात तेलाचा बोळा जळत होता, ढगाच्या पोटात वाफ तेच काम करते. आणि ओली हवा जड असते असं तुम्हाला वाटत असेल तर तेही उलटंच आहे. पाण्याच्या वाफेचा कण हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या कणांहून हलका असतो, म्हणून वाफ मिसळलेली हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा हलकी.

ढगांच्या या चढाईनं ती दरी हिवाळ्यातही ओली राहते. तिथे माणसाहून उंच वाढणारे वृक्षनेचे आहेत, झाडांच्या खोडांना शेवाळ आहे, पायाखालचा पाचोळाही चिंब. अशा रानात विझत आलेला कंदील पडला तर आग पसरायला कोरडी काडी सापडणं कठीण. तिथेच का, याचं उत्तर हे. पावसानं परवानगी दिली आहे म्हणून.

पण कंदील पडतोच, हे विसरू नका. बोळा जळून संपला की आतली हवा निवते, बाहेरून हवा आत शिरते, सव्वाशे ग्रॅमचा फरक नाहीसा होतो आणि सगळं खाली येतं, कागद, बांबू आणि तार. गावातली माणसं रानात जाऊन ते गोळा करतात, त्याबद्दल थोडा मोबदलाही मिळतो. तरी सगळे सापडत नाहीत. तार आणि कामटी रानात पडून राहतात, त्यात पक्षी अडकू शकतात. आता तिथे पूर्ण जळून जाणारे किंवा तारेशिवाय बनवलेले कंदील करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते लवकर रूढ व्हावेत असं मला मनापासून वाटतं. ज्या दरीत सर्पगरुड फिरतो तिथे तार पडून राहू नये.

म्हणून तुम्ही विचारलंत की आजोबा, आपण गच्चीवरून सोडूया का, तर माझं उत्तर नाही असंच आहे. २०२०चं नववर्ष सुरू होताना जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात कोणीतरी उडते कंदील सोडले. तिथे त्यांना बंदी होती. ते प्राणिसंग्रहालयातल्या वानरांच्या घरावर पडले आणि तिसाहून जास्त प्राणी जळून मेले. त्यात ओरांगउटान होते, चिंपांझी होता. आपल्या मुंबईत दिवाळीच्या सुमारास पोलीस उडत्या कंदिलांवर बंदीचे आदेश काढतात ते यासाठीच. आपल्याकडे ऐन दिवाळीत रान वाळायला लागलेलं असतं, आणि वस्तीत तर छपरं, विजेच्या तारा, गवताच्या गंजी. आपला आकाशकंदील बांबूला टांगलेला असतो, तो तसाच छान आहे.

उडवायचंच असेल तर माझ्याकडे जाळाशिवायचा उपाय आहे. ड्रायक्लीनिंगच्या कपड्यांवर लांब, अगदी पातळ प्लास्टिकची पिशवी येते, ती आणा. हँगरसाठीचं भोक चिकटपट्टीनं बंद करा. खालच्या कडेला बारीक दोरा बांधा आणि दोऱ्याचं टोक कठड्याला अडकवा. आईला हेअर ड्रायर धरायला सांगा, पिशवीचं तोंड ड्रायरला चिकटू द्यायचं नाही, नाहीतर ती वितळेल. आणि प्लास्टिकची पिशवी तोंडाशी किंवा डोक्यावर न्यायची नाही, हे धाकट्यांनी दोनदा ऐका. पिशवी फुगली, बोटांना ओढ जाणवली, की सोडा. पौषातल्या पहाटे केलंत तर ती छपरापर्यंत जाईल. वैशाखातल्या भर दुपारी तोच ड्रायर, तीच पिशवी, पण ती नीट चढणार नाही. का नाही, ते मला तुम्ही सांगायचं.